वेगेनरलाही हसले होते!

गेल्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील माझ्या मूळ गावी काही दिवस राहण्याचा योग आला. धाकट्या चुलत भावाला शेतात बोअर घ्यायचा होता आणि जागा दाखविण्यासाठी पाणाड्यास बोलावले होते. पाणाड्या म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्यात हे गृहस्थ बसणारे नव्हते. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पोशाख स्वच्छ, बोलणे नेमस्त, वाचन बरेच. तळहातावर नारळ आडवा ठेवून त्यांनी बांधाबांधाने फेरी घातली. एका ठिकाणी नारळ उभा राहिला. तेथे त्यांनी चुन्याची फुली मारली आणि "दोनशे दहा फुटांवर झरा आहे, दोन इंच पाणी लागेल" असे सांगून ते चहाला बसले. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. भूगर्भाचे मला काय कळणार? तरीही न राहवून विचारले, "गुरुजी, नारळाला हे कळते कसे?" गुरुजी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सर, वेगेनरलाही लोक असेच हसले होते."

बोअर फेल गेला. तीनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला. त्या बोअरकडे मी पुढे येणारच आहे. पण तेव्हापासून मनात घोळत राहिले ते गुरुजींचे वाक्य. कारण ते एकट्या गुरुजींचे नाही. ग्रहांच्या स्थितीवरून भूकंपाचे भाकीत करणारे, पृथ्वी फुग्यासारखी फुगत चालली आहे म्हणणारे, ती आतून पोकळ आहे म्हणणारे, या साऱ्यांच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणून उभा केला जातो तो हाच वेगेनर. आणि आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनाही हा युक्तिवाद चटकन पटतो, असा माझा अनुभव आहे. प्रस्थापितांनी झिडकारलेल्याच्या पाठीशी उभे राहण्याची आपली जुनी सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु झिडकारलेल्या माणसाची बाजू घेणे आणि झिडकारलेल्या सिद्धांताची बाजू घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी करण्यापूर्वी वेगेनरच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडले, हे नीट पाहिले पाहिजे.

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. भूविज्ञानाच्या दृष्टीने बाहेरचा माणूस. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने खंडवहनाची कल्पना मांडली आणि १९१५ साली तीवर पुस्तक लिहिले. आज विलग असलेले खंड पूर्वी एकत्र होते आणि नंतर दूर सरकले, हे त्याचे म्हणणे. केवळ आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात एवढ्यावर तो थांबला नव्हता. त्याच्या पुराव्यांतील काही तर आपल्या दाराशी होते. गोंडांच्या प्रदेशावरून ज्या प्राचीन खडकांना गोंडवन हे नाव पडले, त्यांतील कोळशाच्या थरांत, आपल्या चंद्रपूरकडेही, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडले. उन्हाळ्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, त्या चंद्रपूरजवळ इरई येथे हिमाने खरवडलेला खडक एकोणिसाव्या शतकातच नोंदविला गेला होता. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हिमनद्या आल्या कशा? खंड जागचे हललेच नाहीत असे मानले, तर या प्रश्नाला धड उत्तर नव्हते.

तरीही लोक हसले, हे खरे. पण का हसले? खंडांना ढकलणारी शक्ती म्हणून वेगेनरने पृथ्वीच्या परिवलनामुळे निर्माण होणारे बल आणि चंद्र-सूर्यांचे भरतीचे आकर्षण पुढे केले होते. केंब्रिजच्या हॅरोल्ड जेफ्रीझने गणित करून दाखविले, की खंड हलविण्यास ही बले फारच तोकडी आहेत. ते गणित बरोबर होते. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकत असल्याचा जो पुरावा वेगेनरने दिला, तो मोजमापातील चुकीतून आलेला होता. आज आपण जाणतो की खंडांची गती वर्षाला काही सेंटिमीटर इतकीच असते. म्हणजे सरकविणाऱ्या शक्तीबद्दल टीकाकार बरोबर होते आणि सरकण्याबद्दल वेगेनर. १९२६ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या चर्चासभेत बहुतेक वक्ते त्याच्या विरोधात बोलले. त्यांच्या विरोधात आढ्यता मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही. हा हवामानवाला आम्हांला काय शिकविणार, हा सूर त्यात स्पष्ट होता. उलट, दक्षिण आफ्रिकेतील अलेक्झांडर दु त्वा याच्यासारखे ज्यांनी दक्षिण गोलार्धातील ते खडक प्रत्यक्ष हाताळले होते, ते वेगेनरच्या बाजूला होते. पण सभेत न आलेले आणि गुरुजींना ठाऊक नसलेले एक सत्य असे, की वेगेनरने 'मला हसतात' हा आपला पुरावा कधीच केला नाही. १९१५ पासून १९२९ पर्यंत त्याने पुस्तकाच्या चार आवृत्त्या काढल्या, आणि प्रत्येक वेळी आक्षेप वाचून मांडणी बदलली. १९३० च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या बर्फावर, आतल्या तळावरच्या सहकाऱ्यांना सामग्री पोचवून परतताना, तो पन्नासाव्या वर्षी मरण पावला.

आता हिशेबाची दुसरी बाजू. भूविज्ञानात हसू झालेले सिद्धांत किती, आणि त्यांतले पुढे खरे किती ठरले? हॅलेच्या धूमकेतूचा तो हॅले याने १६९२ साली पृथ्वीच्या पोटात एकात एक पोकळ गोल आहेत असे मांडले होते. फ्रान्सच्या एली द बोमों या मान्यवर पंडिताने जगातील साऱ्या पर्वतरांगा एका पंचकोनी जाळ्यात बसविण्यासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे घातली. वेगेनरच्या व्याख्यानानंतर एकाच वर्षाने, १९१३ साली, हान्स ह्योर्बिगर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने विश्वाचे मूळ द्रव्य बर्फ आहे, चंद्रही बर्फाचा आहे आणि पूर्वीचे चंद्र पृथ्वीवर कोसळून पृथ्वीचा इतिहास घडला, असा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यालाही लोक हसले. तोही बाहेरचाच माणूस. त्यालाही प्राध्यापकवर्ग तुच्छ लेखीत असे. फरक इतकाच, की त्याचे अनुयायी खूप झाले, आणि पुढे नाझी राजवटीत खुद्द हिमलरने आपल्या संशोधनसंस्थेत या बर्फसिद्धांताला जागा दिली. 'यहुदी विज्ञाना'ला उत्तर म्हणून ते एक 'जर्मन विज्ञान' त्यांना हवे होते. आज तो सिद्धांत कोणाला आठवतही नाही.

माझ्या भावाने या बोअरपूर्वी दोन बोअर घेतले होते. दोन्ही जागा गुरुजींनीच दाखविल्या होत्या आणि दोन्ही कोरड्या गेल्या होत्या. "मग पुन्हा त्यांनाच का बोलावलेस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, देवळामागचा बोअर त्यांनीच दाखवलाय. बारा वर्षं झाली, आटला नाही." पाण्याचा बोअर रोज डोळ्यांसमोर असतो, त्याच्यावर मोटर चालते, बायाबापड्या पाणी भरतात. कोरडा बोअर दगड ठेवून झाकला जातो आणि पुढच्या नांगरटीत दिसेनासा होतो. 'वेगेनरलाही हसले होते' हा युक्तिवाद तंतोतंत या देवळामागच्या बोअरसारखा आहे. ह्योर्बिगर, पंचकोनी जाळे, पोकळ पृथ्वी हे कोरडे बोअर कोणी मोजत नाही.

मग सामान्य माणसाने विश्वास ठेवावा तो कशावर? सारेच शास्त्रज्ञ एखादी गोष्ट म्हणतात म्हणून? वेगेनरच्या वेळी बहुतेक सारे चुकले होतेच. याचे उत्तर मला ज्या प्रकरणात सापडले, ते आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी निगडित आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

पॅट्रिक ब्लॅकेट हे नाव जुन्या वाचकांना अपरिचित नसावे. ब्रिटनमधील अव्वल भौतिकशास्त्रज्ञ, १९४८ चे नोबेल पारितोषिकविजेते, विचाराने समाजवादी, अणुबाँबच्या धोरणावर आपल्याच सरकारशी जाहीरपणे मतभेद मांडणारे, आणि पंडित नेहरूंचे सल्लागार म्हणून भारतात वारंवार येणारे. या ब्लॅकेटनी १९४७ साली एक धाडसी सिद्धांत मांडला. फिरणारी कोणतीही अवजड वस्तू केवळ फिरण्यामुळेच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि पृथ्वीचे चुंबकत्व हे त्याचेच उदाहरण होय, असा तो होता. एखाद्या अनोळखी माणसाने तो मांडला असता, तर त्याला वेड्यात काढले असते. नोबेल विजेत्याने मांडल्यामुळे सगळ्यांनी गंभीरपणे ऐकला. ब्लॅकेटनी मात्र तो सिद्ध झाल्याचे गृहीत धरले नाही. सिद्धांत खरा असेल तर पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या जड वस्तूभोवतीही अत्यंत क्षीण का होईना, पण चुंबकीय क्षेत्र असले पाहिजे, असा हिशेब त्यांनी मांडला. ते मोजण्यासाठी तोवर कोणी बनविले नव्हते इतके संवेदनशील चुंबकमापक त्यांनी तयार केले. लोखंडी वस्तू जवळ नको म्हणून उघड्या रानात लाकडी खोपटे उभारून त्यात सुमारे पंधरा किलो सोन्याचा दंडगोल ठेवला आणि मोजमाप घेतले. क्षेत्र आढळले नाही. १९५२ साली त्यांनी या साऱ्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि शीर्षकातच तो 'नकारात्मक प्रयोग' असल्याचे नमूद केले. स्वतःच्या सिद्धांताचे मृत्युपत्र इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहिणारे पंडित फार थोडे. (आमच्या अर्थशास्त्रात तर मला एकही आठवत नाही. फसलेल्या भाकितांचे परिशिष्ट जोडलेला ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही, आणि माझ्या स्वतःच्या लेखांनाही मी ते कधी जोडले नाही.)

पुढची हकीकत अधिकच मनोज्ञ आहे. काम संपलेले ते चुंबकमापक ब्लॅकेटनी खडकांकडे वळविले. ज्वालामुखीचा तप्त रस थिजताना त्यातील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि ती दिशा खडकात कोरल्यासारखी राहते. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तसतशी अधिकाधिक कलते. म्हणून खडकातील कलावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. ब्लॅकेट यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने तपासले आणि १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनीही याच कातळावर काम केले. निष्कर्ष असा, की आज उत्तर गोलार्धात असलेला हा कातळ विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस थिजला होता. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या भूमीवर हा लाव्हा पसरला, ती भूमी नंतर हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकली. ज्या दगडाच्या आपल्या गढ्या, पायऱ्या आणि जाती घडली, त्यानेच वेगेनरच्या बाजूने साक्ष दिली. खटला तेवढ्याने संपला नाही. अनेकांनी खडकांच्या चुंबकत्वावरच शंका घेतली. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि त्या दशकाच्या अखेरीस भूपट्टांचा सिद्धांत सर्वमान्य झाला. वेगेनरच्या व्याख्यानाला तोवर पंचावन्न वर्षे उलटली होती. हा विलंब अन्याय्य होता असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या पंचावन्न वर्षांत जे निर्णायक ठरले, ते सारे मोजमाप होते.

या कथेतील एक उपकथानक उल्लेखनीय आहे. ऑस्ट्रेलियाचे भूवैज्ञानिक वॉरन कॅरी हे खंडवहनाचे कट्टर पुरस्कर्ते. १९५६ साली होबार्ट येथे त्यांनी त्यावर मोठा परिसंवाद घडविला. त्यात ते बरोबर ठरले. पण त्यांची खात्री अशी झाली, की खंड सरकतात ते पृथ्वीच फुगत असल्यामुळे, आणि हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. प्राचीन खडकांच्या चुंबकत्वावरून पृथ्वीची पूर्वीची त्रिज्या काढता येते. ती आजच्याहून फारशी वेगळी नव्हती असे दिसले. २०११ साली उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीतही त्रिज्येतील वाढ मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेबाहेर आढळली नाही. एकदा झिडकारले जाऊन खरा ठरलेला माणूस दुसऱ्यांदाही खरा ठरेलच असे नाही, हे कॅरींवरून दिसते. ते भोंदू नव्हते. चांगल्या भूवैज्ञानिकाचाही बोअर कोरडा जातो.

आणि पदव्या, प्रतिष्ठा, शोधनिबंधांची चळत यांचे काय? त्यांवर विसंबण्याचे फळ आपल्या देशाने फार कडू चाखले आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्रा. व्ही. जे. गुप्ता यांनी पंचवीस वर्षांत हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले. देशी-विदेशी सहलेखकही नामांकित होते. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की हिमालयातील म्हणून वर्णिलेले कित्येक जीवाश्म मोरोक्को, अमेरिका अशा भलत्याच ठिकाणचे आहेत. अनेक सहलेखकांनी नमुने हाती घेऊन वर्णन केले होते, पण ते जेथून आणल्याचे सांगितले गेले, ती जागा पाहिलेली नव्हती. निबंधांत स्थळांचे वर्णन इतके मोघम असे, की दुसरा कोणी तेथे जाऊन खात्री करूच शकत नव्हता. पाव शतक हे चालले, कारण चंदीगडच्या प्राध्यापकाला कोणी हसत नव्हते! येथे कोणी बाहेरचा नव्हता, कोणी उपेक्षित नव्हता. होती ती फक्त पडताळण्याजोग्या नोंदीची उणीव.

याच्या नेमकी उलट गोष्ट कोयनेची. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी साठ सालापर्यंत तज्ज्ञांची समजूत होती. १९६२ पासून कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि भोवतालच्या गावांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला, भांडी हादरू लागली. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो हे तेव्हा पुष्कळांना खेडुतांच्या भीतीसारखेच वाटले असते. पण खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राने तेथे भूकंपमापक बसविले, म्हणून त्या हादऱ्यांची मिती आणि स्थळ कागदावर उतरले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तज्ज्ञांना आपली समजूत बदलावी लागली, आणि ती त्या नोंदींमुळेच बदलता आली. आज जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. गोठणे येथे त्यासाठी तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले आहे. गावकऱ्यांचा अनुभव आणि विज्ञान यांच्यात वैर नसते. गावकऱ्यांचा अनुभव लिहून ठेवणारा कोणी असला, की त्याचेच विज्ञान होते.

आता नारळाकडे परत येतो. ही विद्या आपल्याकडचीच आहे असे गुरुजी समजत होते. वस्तुतः युरोपातील खाणकामगार झाडाची बेचकी हातात धरून धातू शोधीत असत, आणि आग्रिकोलाने १५५६ सालच्या आपल्या खाणशास्त्रावरील ग्रंथात, जाणत्या खाणकामगाराला तिची गरज नसते असे लिहून ठेवले आहे. अलीकडे तिची परीक्षाही झाली. १९८७-८८ साली म्युनिकजवळ एका कोठारात तळमजल्यावर पाण्याची नळी गाड्यावर ठेवून हलवीत आणि वरच्या मजल्यावरील पाणाड्याने तिची जागा सांगायची, असे ८४३ प्रयोग झाले. आधी सुमारे पाचशे पाणाड्यांतून ४३ निवडले होते. प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांतील मोजक्यांना खरोखर सिद्धी असल्याचा निर्वाळा दिला. पण त्यांनी सर्व आकडे प्रसिद्ध केले, ही त्यांची थोरवी. त्याच आकड्यांची छाननी करून अमेरिकेतील जिम एनराइट यांनी दाखविले, की दर वेळी डोळे मिटून कोठाराच्या मधोमध बोट ठेवले असते, तरी उत्तर जवळपास तितकेच अचूक आले असते. नंतर कासेल येथे जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहते की नाही, एवढेच ओळखण्याची परीक्षा झाली. तीस पाणाड्यांनी ती योग्य असल्याचे आधी मान्य केले होते, आणि यशाची खात्रीही दिली होती. निकाल नाणे उडवून लागावा तसा लागला.

माझा भाऊ यावर म्हणेल, "पण देवळामागं पाणी आहे ना!" आहे. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग ज्या कातळाने व्यापला आहे, त्यात पाणी असते ते वरच्या कुजलेल्या मुरमाड थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या एका थरावर दुसरा थर पसरला त्या सांध्यात. सखल भागात, ओढ्याकडेला, हा मुरमाड थर जाड असेल तेथे कोणीही फुली मारली, तरी थोडेफार पाणी लागण्याचा संभव बराच असतो. भूवैज्ञानिकही हमी देऊ शकत नाही. तो फक्त संभव वाढवितो, आणि चुकला तर का चुकला ते खडकाच्या चुऱ्यावरून सांगू शकतो.

आणि येथे प्रश्न निव्वळ ज्ञानाचा राहत नाही. पाणाड्यांच्या शास्त्रात जमिनीखाली झरे वाहतात: नाडीसारखे, अरुंद, एका शेतातून जाणारे आणि शेजारच्या शेताला वगळणारे. ज्याच्या बांधाखाली झरा त्याचे पाणी. ज्याच्याखाली नाही त्याचे नशीब. भूविज्ञानातील चित्र अगदी वेगळे आहे. मुरमाचा आणि सांध्याचा पाणीसाठा अनेक शेतांच्या खाली पसरलेला, पावसाने भरणारा आणि उपशाने उतरणारा असतो. मी खोल गेलो की तुझी विहीर उतरते. एका चित्रात पाणी खाजगी मालमत्ता आहे, दुसऱ्यात ते सामाईक आहे. नारळाच्या विद्येने होणारे खरे नुकसान फसलेल्या तीनशे फुटांच्या खर्चापुरते नाही. तो खर्च मोठाच आहे. बोअरच्या गाडीवाल्याला पाणी लागो न लागो फुटाच्या दराने पैसे मोजावे लागतात, दाखविणाऱ्याची दक्षिणा बुडत नाही, आणि चुकीचा सारा भार कर्ज काढणाऱ्या एकट्या शेतकऱ्यावर पडतो. पण त्याहून मोठे नुकसान हे, की झऱ्याचा सिद्धांत मनात असेपर्यंत गावाला एकत्र बसून पाण्याचा हिशेब करण्याचे कारणच दिसत नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवर बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, तो पाणी सर्वांचे एकच आहे हे चित्र स्वीकारल्यावरच.

यात गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. ते प्रामाणिक आहेत. नारळ उभा राहतो तो आपल्याच हातांच्या नकळत होणाऱ्या हालचालीने, हे त्यांना जाणवतही नसावे. इव्हॉन व्हॉग्ट आणि रे हायमन यांनी १९५९ साली अमेरिकेतील पाणाड्यांवर लिहिलेल्या पुस्तकात म्हटले आहे, की ही प्रथा टिकते ती अनिश्चिततेच्या भीतीवरचा विधी म्हणून. लाखाचा खर्च करण्यापूर्वी कोणीतरी ठामपणे 'येथे' म्हणावे, ही माणसाची गरज आहे. भूवैज्ञानिक ठामपणे म्हणत नाही. तो 'संभव' म्हणतो. शिवाय तो गावात असतो कोठे? माझ्या भावाच्या शेतात आजवर एकही आलेला नाही. गुरुजी सायकलवरून येतात, चहा घेतात, घरच्या मुलाबाळांची चौकशी करतात.

त्या फसलेल्या बोअरनंतर पंधरा दिवसांनी ओढ्याच्या बाजूला चौथा बोअर घेतला. गुरुजींनी दाखविलेल्या जागेपासून साठ फूट अलीकडे, कारण गाडी पुढे जाईना. एकशे चाळीस फुटांवर दीड इंच पाणी लागले. गावात आता तो गुरुजींच्या नावावर जमा झाला आहे. संक्रांतीच्या सुमारास वरच्या शेजाऱ्याने चारशे फुटांचा बोअर मारला, आणि भावाचा फोन आला की मोटर तासाभरात हवा ओढते.

मी शिवजयंतीला गावी गेलो, तेव्हा दोनशे पानांची एक वही घेऊन गेलो होतो. शाळेतील विज्ञानाच्या मास्तरांबरोबर बसून तीत रकाने आखले: शेतकरी, गट क्रमांक, जागा कोणी दाखविली, किती फूट, मुरूम किती, कातळ कोठे लागला, पाणी किती, उन्हाळ्यात उरले किती. पहिल्या चार ओळी भावाच्या भरल्या. मग मी वही गुरुजींकडे नेली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ वाचली. तीन कोरड्यांपुढे आपले नाव पाहून ते काहीच बोलले नाहीत. मग खिशातून पेन काढले आणि पाचव्या ओळीपासून, तारीखवार आठवून, आपण आजवर दाखविलेल्या जागा लिहू लागले. दिवेलागणीपर्यंत दुसरे पान भरत आले होते.